‘देवाचे सहकारी’ म्हणजे नेमके कोण? थोडी पार्श्वभूमी

हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या चर्चमधल्या भक्तीला, आमच्या जालन्याकडं एक प्रश्न निघतोच, पीक आलं ते आपल्या कष्टानं का देवाच्या कृपेनं. यंदाही निघाला म्हणून मागचं थोडं लिहितोय.

वाद लई जुना आहे. पाचव्या शतकात काही ख्रिस्ती लोकांचं म्हणणं होतं की माणूस स्वतःच्या जोरावर चांगलं करू शकतो, शेवटी ५२९ ला फ्रान्समधल्या ऑरेंज गावच्या चर्च परिषदेनं कृपेच्या बाजूनं कौल दिला. १५१७ नंतर, ल्यूथरच्या वेळी, पुन्हा यावरूनच फूट पडली, आणि १९९९ ला कुठं कॅथलिक आणि ल्यूथरन अशा दोन बाजूंनी जर्मनीत ऑग्सबर्गला एका कागदावर सह्या केल्या.

आपल्याकडं मात्र सगळं अडतं ते एका शब्दावर. बायबलातलं पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, ३:९, ‘आम्ही देवाचे सहकारी आहो.’ मूळ ग्रीक शब्द सिनेर्गोई, म्हणजे सोबत काम करणारे. पण कोणासोबत? देवासोबत असाही अर्थ लागतो, आणि एकमेकांसोबत राबणारे पण देवाच्या मालकीचे असाही लागतो. जाणकारांत दोन्ही मतं आहेत. मला दुसरा अर्थ पटतो, कारण पौल जरा वरच सांगतो की मी लावलं, अपुल्लोसानं (त्याच्यासोबतच्या उपदेशकानं) पाणी घातलं, पण वाढवलं देवानं, आणि लावणारा काही नाही, पाणी घालणाराही काही नाही. आता मराठवाड्यात सहकारी म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, साखर कारखाना, सोसायटी, शेअर, चेअरमनची निवडणूक. त्यामुळं हे वचन ऐकताना माणसाला वाटतं आपलाही देवाच्या कामात शेअर आहे, अर्धं त्याचं अर्धं आपलं. कोणी मुद्दाम शिकवलं नाही, शब्दानंच शिकवलं.

निजामाच्या काळात जालन्याजवळ बेथेल वसलं तेव्हा नव्या विश्वासणाऱ्यांना जमीन कसायला मिळाली, गावाच्या नावाचा अर्थच ‘देवाचं घर’, तिथं नांगर आणि प्रार्थना वेगळी नव्हती. पुढं १९७२ चा दुष्काळ. आमची आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, हातोडीच्या दांड्याला लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, सुकडी (कामावर वाटायचे ते खाणं) मिळाली की आधी डोळे मिटून उपकार मानायची मग पोरांना वाटायची. तिच्या तोंडी अर्धं-अर्धं हा हिशोब कधी आला नाही. त्या लोकांनी बांधलेला पाझर तलाव अजून आहे, पाऊस झाला की भरतो, नाही झाला की कोरडा.

खरा त्रास झाला तो २०१२-१३ ला. मोसंबीच्या बागा जगवायला लोकांनी टँकर विकत घेतले, कर्ज काढलं, उपासप्रार्थना केल्या, तरी झाडं वाळली आणि शेवटी कुऱ्हाड लावावी लागली. तेव्हा एका सभेत सरळ सांगण्यात आलं, तुमचा विश्वास कमी पडला. मला ते आजही सहन होत नाही. ‘सहकारी’चा अर्थ भागीदार घेतला की हे असंच होतं, पीक आलं तर श्रेय वाटून घ्यायचं आणि बुडालं तर सगळा दोष राबणाऱ्याच्या वाट्याला.

त्यातल्या एका काकांनी बागेच्या जागी तूर पेरली, पुढचा पाऊस बरा झाला. उपकारस्तुतीला त्यांनी वेदीपुढं टोपलंभर तूर आणून ठेवली, आणि भक्तीनंतर अर्पणाच्या वस्तूंच्या लिलावात ती सगळ्यात आधी गेली.