यूजटॉक्स
यूजटॉक्स हे रसायनांच्या उत्सर्जनामुळे माणसाच्या आरोग्यावर आणि गोड्या पाण्यातील जीवसृष्टीवर होणारा विषारी परिणाम आकड्यात मांडणारे गणिती प्रतिमान आहे. एखादी वस्तू कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत पर्यावरणाला किती महाग पडते, याचा हिशेब म्हणजे जीवनचक्र मूल्यमापन. त्यात शेकडो रसायने वेगवेगळ्या प्रमाणात बाहेर पडतात आणि त्यांची नुसती बेरीज निरर्थक असते. म्हणून प्रत्येक रसायनाला किलोमागे एक विषारिता गुणांक लागतो, आणि तो यूजटॉक्स पुरवते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या जीवनचक्र उपक्रमात कॅलटॉक्स, इम्पॅक्ट २००२, यूजेस-एलसीए अशी जुनी प्रतिमाने शेजारी ठेवून तपासली गेली. ज्या बाबींमुळे उत्तरात खरोखर फरक पडतो तेवढ्याच ठेवून हे सामाईक प्रतिमान बांधले गेले आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

गुणांक तीन घटकांच्या गुणाकारातून येतो. पहिला फेट फॅक्टर : रसायन हवेत, पाण्यात, मातीत किती दिवस टिकते. दुसरा एक्स्पोजर फॅक्टर : त्यातले किती श्वासातून, पिण्याच्या पाण्यातून, अन्नातून माणसात जाते, किंवा पाण्यात किती विरघळलेल्या रूपात राहते. तिसरा इफेक्ट फॅक्टर : पोटात किंवा फुप्फुसात गेलेल्या प्रत्येक किलोमागे किती जण आजारी पडतात. आरोग्याचे उत्तर किलोमागे रुग्णसंख्येत मिळते. कर्करोग व इतर आजार वेगळे मोजतात.

पहिल्या दोन घटकांच्या गुणाकाराला इनटेक फ्रॅक्शन म्हणतात. तो एकदा हाताने काढून पाहावा, कारण सगळे प्रतिमान त्यातून उलगडते. समजा, शहर २० किमी लांब व २० किमी रुंद आहे, हवा २५० मीटर उंचीपर्यंत मिसळते, वारा सेकंदाला ३ मीटर वाहतो आणि वस्ती २० लाख आहे. शहरावरची हवा १०,००० कोटी घनमीटर भरते आणि वारा ती सुमारे १११ मिनिटांत बाहेर नेतो. माणशी दिवसाला १३ घनमीटर श्वास धरला, तर तेवढ्या वेळात शहर सुमारे २० लाख घनमीटर हवा आत घेते. म्हणजे दहा लाख भागांतले २० भाग : सोडलेल्या १ किलोपैकी २० मिलिग्रॅम लोकांच्या फुप्फुसात जातात. थंडीच्या पहाटे मिसळण्याची उंची ५० मीटरवर आली, तर तेच १०० मिलिग्रॅम होतात. गावाबाहेरच्या चिमणीतून तेवढेच रसायन निघाले तर आकडा कितीतरी खाली येतो. म्हणूनच प्रतिमानात शहरी हवा आणि ग्रामीण हवा हे वेगळे कप्पे आहेत. त्यांच्या जोडीला गोडे पाणी, किनारी समुद्र, शेतजमीन व नैसर्गिक जमीन असतात. भोवती जागतिक पातळीचे कप्पे येतात, आणि नंतरच्या आवृत्तीत घरातली व कारखान्यातली हवाही आली.

जलचरांसाठी वेगवेगळ्या प्रजातींचे ईसी५० आकडे (ज्या संहतीला चाचणीतले निम्मे जीव बाधित होतात) घेऊन त्यांचा भूमितीय मध्य काढतात, आणि ०.५ ला त्याने भागतात. मध्य लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजे घनमीटरला ०.००१ किलो आला तर इफेक्ट फॅक्टर ५०० येतो. रसायन नदीत २० दिवस टिकले आणि त्यातले ८० टक्के विरघळलेले राहिले, तर गुणांक २० × ०.८ × ५०० = ८,०००. शैवाल, कवचधारी आणि मासे अशा तीन पातळ्यांचे आकडे असावेत, नुसत्या डॅफ्नियावर (पाण्यातला एक बारीक कवचधारी जीव) भागवू नये. माणसासाठीचे आकडे बहुधा प्राण्यांवरच्या प्रयोगांतून येतात. उंदराच्या जातीनुसार त्यांना भागायचा आकडा बदलतो : रॅटसाठी (मोठा उंदीर) ४.१, माऊससाठी (छोटा उंदीर) ७.३.

नवे रसायन भरताना सर्वांत जास्त चुका विघटनाच्या दरात होतात. प्रतिमानाला हा दर प्रतिसेकंद या एककात लागतो. अर्धायुष्य (निम्मे रसायन नाहीसे व्हायला लागणारा काळ) १० दिवस असेल तर ०.६९३ ला ८,६४,००० ने भागून ०.००००००८ येतात. दिवसाचाच दर, म्हणजे ०.०६९३, तसाच टाकला तर रसायन ८६,४०० पट वेगाने नाहीसे होते आणि कागदावर निरुपद्रवी ठरते. प्रतिमानाची गणिती फाइल तक्रार करत नाही, त्यामुळे चूक सापडतही नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे उत्सर्जनांच्या यादीतले गुणांक नसलेले रसायन शून्य धरणे. आकडा नसणे म्हणजे विषारी नसणे नव्हे. अशी रसायने अहवालात वेगळी लिहावीत.

उत्तरांची अनिश्चितता मोठी आहे. आरोग्याच्या गुणांकात ती १०० ते १,००० पट धरतात, गोड्या पाण्याच्या परिणामात १० ते १०० पट. दोन कीटकनाशकांत तिपटीचा फरक दिसला म्हणून एकाला चांगले ठरवणे चुकीचे आहे. धातू, पाण्यात आयन (विद्युतभारित कण) होणारी रसायने आणि साबणासारखे पदार्थ यांचे गुणांक मूळ आवृत्तीत 'इंटरिम' म्हणजे तात्पुरते मानले गेले. धातूचे विघटन होतच नाही. स्थिर अवस्थेच्या, म्हणजे अमर्याद काळ धरून केलेल्या गणितात तो हजारो वर्षे मातीत उरतो, म्हणून बऱ्याच अभ्यासांत जस्त किंवा तांबेच एकूण उत्तर खाऊन टाकते.

सगळ्यांत गंभीर मर्यादा शेतावर दिसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली व वीसहून अधिक जण दगावले. उंच वाढलेल्या कपाशीत, पंपाच्या तुषारात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीवर आणि श्वासात जे जाते, ते या प्रतिमानाच्या कोणत्याच कप्प्यात येत नाही. हे प्रतिमान लाखो लोकांवर, मोठ्या प्रदेशावर आणि दीर्घ काळावर सरासरी काढते. फवारणाऱ्याचा धोका मोजायचा तर द्रावणाची तीव्रता, फवारणीचे तास, हातमोजे-मुखवटा आहे की नाही आणि वाऱ्याची दिशा धरून वेगळे मूल्यमापन करावे लागते, आणि जीवनचक्राच्या अहवालात ते यूजटॉक्सच्या आकड्यात न मिसळता स्वतंत्र द्यावे लागते.