रिकाम्या टाकीतली गर्दी

टाकी भरून महिना होत आला. हीटर चालू, फिल्टर चालू, बुडबुडे चालू, आणि आत एकही मासा नाही. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, मासे कधी आणणार? डिस्कस पाळायचं ठरवलेल्या माणसाला हा प्रश्न चार ते सहा आठवडे निमूट ऐकून घ्यावा लागतो. पाळणूक तर पाणी भरलं त्या दिवशीच सुरू झालेली असते. जे पाळलं जातंय ते डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

डिस्कस हा ताटलीसारखा गोल आणि चपटा मासा, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला. पूर्ण वाढला की पंधरा ते वीस सेंटिमीटर होतो. योहान नाटरर या ऑस्ट्रियन संग्राहकाने जमवलेल्या नमुन्यांवरून योहान याकोब हेकेल याने १८४० साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि प्रजातीला सिम्फायसोडॉन हे नाव दिलं. हा मासा ज्या रिओ निग्रो नदीत सापडतो, तिच्या नावाचा अर्थच काळी नदी. पुराच्या पाण्यात बुडालेल्या जंगलातली पानं कुजून तिचं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, ते चांगलंच आम्लधर्मी असतं आणि वर्षभर कोमट असतं. पडलेल्या झाडांच्या फांद्यांच्या जाळ्यात डिस्कसचे थवे संथपणे तरंगत असतात.

आणि आपण त्याला काचेच्या पेटीत आणतो. नदी आणि पेटी यांच्यातला सगळ्यात मोठा फरक रंगाचा नाही, तापमानाचाही नाही. नदीत माशाने टाकलेली घाण वाहून जाते. पेटीत ती त्याच्याच नाकासमोर राहते.

मासे अमोनिया बाहेर टाकतात, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. म्हणजे खाणं दिलं नाही, विष्ठा उपसून काढली, तरी नुसत्या श्वासोच्छ्वासाबरोबर अमोनिया पाण्यात येतच राहतो. पाण्यात गेल्यावर त्याची दोन रूपं होतात. एक साधा अमोनिया, जो कल्ल्यांच्या पेशींतून सहज आत शिरतो आणि विषारी असतो. दुसरा अमोनियम आयन, ज्यावर विद्युतभार असल्यामुळे तो तितक्या सहज आत जात नाही. कोणतं रूप किती, हे मुख्यतः पीएच ठरवतो (हा आकडा जितका कमी, तितकं पाणी आम्लधर्मी), आणि काही अंशी तापमान. २८ अंश सेल्सियसला पीएच ६ असेल तर एकूण अमोनियापैकी विषारी वाटा जेमतेम ०.०७ टक्के. पीएच ७ ला तो ०.७ टक्के आणि पीएच ८ ला सुमारे साडेसहा टक्के. पीएच एका अंकाने वाढला की विष जवळपास दसपट. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे दोनदा लागणार आहेत.

अमोनियाचा पहिला मार कल्ल्यांना आणि कातडीला बसतो. डिस्कसच्या बाबतीत कातडीचं महत्त्व जरा जास्तच. त्याची पिल्लं सुरुवातीचे काही आठवडे आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत थर टोचून खात वाढतात. दोघंही आळीपाळीने पिल्लांना पाजतात म्हणा ना.

मग या अमोनियाचं करायचं काय? पाणी बदलत राहणं हा एक उपाय, पण तो एकटा पुरत नाही. खरं काम जिवाणू करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. मधला टप्पा, म्हणजे नायट्राइट, स्वतःच विषारी आहे. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलून टाकतं की त्याला प्राणवायू वाहता येत नाही. रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. शेवटचं नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य, ते पाणी बदलून कमी ठेवता येतं.

हे जिवाणू कोण, याची गोष्ट मजेशीर आहे. सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतून त्यांचे दोन्ही गट वेगळे केले, आणि पुढची शंभर वर्षं मत्स्यपालनाच्या पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी छापली जात राहिली. १९९८ साली गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये प्रत्यक्ष शोध घेतला गेला, तर दुसरा टप्पा नायट्रोस्पायरा हा भलताच जीव पार पाडत होता. २०११ मध्ये दिसलं की अनेक टाक्यांच्या फिल्टरमध्ये पहिल्या टप्प्याचे अमोनिया खाणारे जीव बॅक्टेरिया नसून आर्किया या वेगळ्याच वंशाचे आहेत. आणि २०१५ मध्ये तर नायट्रोस्पायराचे काही प्रकार दोन्ही टप्पे एकट्याने उरकताना सापडले. त्यांतले काही मत्स्यशेतीच्या फिल्टरमधूनच मिळाले होते. फिल्टरमधल्या ज्या स्पंजला आपण गाळ समजून नळाखाली धरतो, त्यात अजून शोध लागताहेत!

हे जीव वाढतात मात्र फार सावकाश. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रोजनवर जगणाऱ्या या मंडळींना दुप्पट व्हायला अर्धा दिवस, दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. अमोनिया जाळून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी, आणि त्यातूनच कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर घडवायचं. रोज दुप्पट धरलं तरी हजारपट व्हायला दहा दिवस हवेत, आणि सुरुवात अगदी मूठभरांपासून असते. चार ते सहा आठवडे लागतात ते यामुळे. ते राहतातही पाण्यात नाही, पृष्ठभागांना चिकटून: स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिकच्या नळ्यांवर, वाळूच्या कणांवर. म्हणून जुन्या टाकीतलं बादलीभर पाणी आणून ओतण्याचा काही उपयोग नाही. जुन्या, निरोगी टाकीतला एक मळका स्पंज मिळाला तर मात्र निम्मा वेळ वाचतो.

पूर्वी लोक दोनचार चिवट मासे सोडून टाकी तयार करत. विषात राहून जगले तर ठीक, नाही तर नाही. मला ही रीत पटत नाही, आणि तिची गरजही नाही. जिवाणूंना मासा नको, अमोनिया हवा. सुगंध किंवा साबण नसलेलं अमोनियाचं द्रावण किंवा अमोनियम क्लोराइड पुरतं. लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया हे चांगलं प्रमाण. तीनशे लिटरच्या टाकीला त्यासाठी दोन ग्रॅमांहून थोडं कमीच अमोनियम क्लोराइड लागतं. जास्त टाकलं म्हणजे लवकर होईल, असं नसतं.

त्यानंतर टेस्ट किट, म्हणजे नळीतल्या पाण्याच्या रंगावरून अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचा संच, हाच तुमचा डोळा. पहिले काही दिवस आकडा हलत नाही. कधी पाणी दुधाळ होतं. ते आपले जिवाणू नव्हेत, पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांवर भराभर वाढलेले दुसरे आहेत. घाबरून टाकी उपसू नये, आपोआप निवळतं. मग अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढतं. हा मधला काळ सगळ्यात कंटाळवाणा. नायट्राइटची नळी रोज तीच गडद जांभळी. आणि मग एखाद्या सकाळी ती फिकी पडते. आज टाकलेला २ मिलिग्रॅमचा डोस उद्या याच वेळेपर्यंत पूर्ण संपला, अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं सलग काही दिवस दिसलं की फिल्टर कामाला लागला म्हणायचा.

इथे डिस्कसवाल्यांची एक हमखास चूक होते. मासा मऊ, आम्लधर्मी पाण्यातला, म्हणून ते पहिल्या दिवसापासून टाकीत आरओचं पाणी भरतात. पण अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, आणि ते पाण्यातल्या बायकार्बोनेटचा साठा खात जातं. अमोनियातला १ मिलिग्रॅम नायट्रोजन पचवायला सुमारे ७ मिलिग्रॅम साठा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. टेस्ट किटवर हा साठा केएच या नावाने अंशांत मोजतात; एक अंश केएच म्हणजे लिटरला १७.९ मिलिग्रॅम. आपल्या रोजच्या डोसपुढे ती दीड दिवसात फस्त होते. आरओच्या पाण्यात हा साठा मुळातच नसतो. पीएच घसरून ६ च्या खाली जातो, जिवाणूंचं काम मंदावत जवळजवळ थांबतं, आणि माणूस आठवडेच्या आठवडे किटकडे बघत बसतो. टाकी तयार होईपर्यंत केएच चार-पाच अंश असलेलं, पीएच साडेसात-आठचं साधं पाणी ठेवावं. जिवाणूंना ते मानवतं, आणि आत मासा नसल्यामुळे विषारी वाट्याची चिंता नाही. मासे आणायच्या आधी पाणी हळूहळू मऊ करता येतं. तेही गरजेपुरतंच. पिढ्यान्‌पिढ्या टाक्यांत पैदास झालेले डिस्कस साडेसहा ते साडेसातच्या स्थिर पीएचमध्ये उत्तम राहतात. नदीतून पकडलेले मासे ही वेगळी गोष्ट.

स्थिर हा शब्द मुद्दाम वापरला. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया साठला तरी तो अमोनियमच्या रूपात दबून राहतो. मालक निर्धास्त. मग एक दिवस तो उत्साहाने पीएच ८ चं पाणी अर्धी टाकी भरून बदलतो आणि दबलेलं विष काही मिनिटांत जागं होतं.

नळाच्या पाण्याचा पीएच तोटीखाली लगेच मोजला तर फसवतो, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असू शकतो. भांड्यात दिवसभर हवा सोडून मग मोजा. त्या अवधीत क्लोरिनही बहुतांशी उडून जातो. क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिन आणि अमोनिया यांचं संयुग, मात्र असा उडत नाही, त्याला सोडियम थायोसल्फेटसारखं औषध लागतं, आणि ते क्लोरामाइन तोडताना थोडा अमोनिया मागे सोडतं. क्लोरिनचं काम जिवाणू मारणं. तो तुमचे पाळीव कोणते आणि रोगाचे कोणते हे ओळखत नाही. म्हणून स्पंज पिळायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात.

बाकी सामानाचं थोडक्यात. डिस्कस पाचसहाच्या गटात ठेवायचे, तेव्हा १२० बाय ५० बाय ५० सेंटिमीटरची टाकी योग्य. तीत तीनशे लिटर म्हणजे नुसतं पाणीच तीनशे किलो, म्हणून स्टँड सपाट आणि दणकट हवा. तळ उघडा ठेवा किंवा बारीक वाळूचा पातळ थर द्या. जाड खडीत उरलेलं अन्न अडकून कुजतं. ड्रिफ्टवूड, म्हणजे टाकीत सजावटीला ठेवायचं लाकूड, आधी भिजत ठेवा. त्यातून उतरणारा तपकिरी रंग निरुपद्रवी आहे, मला तर आवडतो. वनस्पती हव्या असतील तर उष्णता सोसणाऱ्या, जसं अनुबियास किंवा जावा फर्न.

हीटरवर मात्र थांबायला हवं. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात. लिटरला एक वॅट हा ढोबळ हिशेब, पण तीनशे वॅटचा एक घेण्यापेक्षा दीडशेचे दोन घ्यावेत. हीटरचा थर्मोस्टॅट कधी ना कधी अडकतो. मोठा एकच हीटर चालू स्थितीत अडकला तर टाकी शिजते, बंद पडला तर गारठते. दोन असले की सावरायला वेळ मिळतो. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, २८ अंशांना ८ पेक्षाही कमी. त्यावर मासे जगणार आणि जिवाणूही, आणि जिवाणूंची भूक मोठी, अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता हवा. वीज गेली तर आधी फिल्टरची आणि हवेची काळजी करा, तापमानाची नंतर.

टाकी तयार झाली की साठलेलं नायट्रेट घालवायला एकदा मोठं, ऐंशी टक्क्यांपर्यंत पाणी बदलायचं, त्याच तापमानाच्या पाण्याने. मासे येईपर्यंत अमोनिया देणं थांबवायचं नाही, नाहीतर जमवलेली वस्ती उपाशी मरते. नवे मासे आधी चारसहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणं शहाणपणाचं, आणि त्या टाकीसाठीचा स्पंज या महिन्याभरात मुख्य फिल्टरमध्येच मुरवून ठेवता येतो.

मासे पिशवीतून येतात तेव्हा सुरुवातीचे आकडे पुन्हा उपयोगी पडतात. कित्येक तास बंद पिशवीत माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरलेला असतो. त्यामुळे साठलेला अमोनिया दबलेला असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि अमोनिया विषारी होऊ लागतो. म्हणून लांबच्या प्रवासाहून आलेली पिशवी उघडून तीत दोन तास थेंब थेंब पाणी सोडणारा काळजीवाहू माणूस नकळत माशाला विषात ठेवतो. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडा आणि मासे लगेच आत घ्या. पिशवीतलं पाणी टाकीत नको. विकणाऱ्याकडे पीएच आणि क्षारांचं प्रमाण किती होतं ते आधीच विचारून नव्या माशांच्या आपल्याकडच्या टाकीचं पाणी तसं करून ठेवलं, की जुळवून घ्यायचं फारसं काही उरत नाही.

पहिल्या दिवशी मासे काळवंडतात, कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहतात. दिवा बंद ठेवा, खाणं दुसऱ्या दिवशी द्या. रात्री झोपण्याआधी अमोनियाची नळी एकदा पाहून घ्या.