बाग कशावर? वाळूवर!

नाशिक-तासगावकडे नवी द्राक्षबाग बघायला आलेला पाहुणा हमखास विचारतो, "कशावर आहे?" उत्तर बहुतेक वेळा "डॉगरीजवर." म्हणजे वर द्राक्षाची जात थॉमसन नाहीतर सोनाका, पण जमिनीखालची मुळं अमेरिकी वेलाची. हा खुंट आपण घेतला तो खारं पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून. युरोपावर अमेरिकी खुंटाची वेळ आणली ती एका किड्याने.

फायलोक्सेरा हा माव्याच्या गोतातला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा. १८६०च्या दशकात तो अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फ्रान्समध्ये पोचला. वेलाच्या मुळांमध्ये सोंड खुपसून तो रस शोषतो, जखम कुजते आणि दोन-चार वर्षांत वेल वाळतो. अमेरिकी वेलांना त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ते जखमेभोवती बुचासारखा थर धरून ती बंद करून टाकतात. म्हणून खाली अमेरिकी मूळ आणि वर आपला वेल, अशी कलमं बांधून युरोपाने आपल्या बागा वाचवल्या.

पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या पश्चिमेला, सिंत्राचे डोंगर उतरून अटलांटिकला भिडतात तिथल्या कोलारेश या पट्ट्यात मात्र रामिश्को जातीचे वेल आजही स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. उभे कसले, आडवेच. वारा इतका की वेल वाळूवर सरपटतात आणि बागेला वाळक्या बोरूच्या कुडाचे आडोसे घालावे लागतात. घड पिकू लागले की फांद्यांखाली बोरूचे छोटे टेकू देतात, नाहीतर तापलेल्या वाळूने द्राक्षं भाजून निघतील.

या वेलांना वाचवलं वाळूने. चिकणमाती वाळली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून किडा एका मुळावरून दुसऱ्यावर जातो. वाळूला भेग पडत नाही. कण लगेच घसरून वाट बुजवतात. किड्याला रस्ताच नाही.

पण नुसत्या वाळूत पाणी ठरत नाही. ओल असते ती खालच्या चिकणमातीत, कित्येक ठिकाणी चार-पाच मीटर खोल. म्हणून लावणीसाठी आधी मातीपर्यंत चर खणायचा. कडा ढासळून माणूस गाडला गेला, तर बाहेर काढेपर्यंत श्वास घेता यावा, यासाठी खणणारे डोक्यावर टोपली पालथी घालून चरात उतरत. द्राक्षशेतीत इतका जिवावरचा लावणीचा हंगाम दुसरा कुठला मला माहीत नाही.

रामिश्कोचे मणी छोटे आणि सालीला जाड. रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं आणि जीभ आक्रसते, कच्चं केळं चावल्यावर होते तशी. त्यामुळे रामिश्कोची लाल वाईन ताजी पिण्यात मजा नाही. काही वर्षांत टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, तेव्हा कुठे तिचा तुरटपणा निवळतो. पांढरी वाईन पिणाऱ्यांसाठी इथे मालवाझिया ही द्राक्षाची जात आहे.

सिंत्राहून प्राया दाश मासांशला, म्हणजे 'सफरचंदांच्या किनाऱ्या'ला, १९०४ सालापासूनची ट्राम जाते. सफरचंदं इथे खरोखरच होतात, तीही वेलांच्या शेजारी, त्याच आडोशांमागे. पुढे आझेन्याश दो मार हे कड्यावर पांढरी घरं रचलेलं गाव. नावाचा अर्थ 'समुद्राच्या पाणचक्क्या'. लिस्बनकरांना समुद्राकाठी घर हवं असतं आणि बागेची वाळूही तिथेच. त्यामुळे एके काळी हजारावर हेक्टर पसरलेला हा द्राक्षपट्टा आता काही डझन हेक्टरांवर आला आहे.

या किनाऱ्यावर जेवायला बसलात तर पर्सेबेश मागवा. दिसायला एखाद्या सरड्याचा पंजा. जात कोळंबी-कुर्ल्यांची, पण कालवांसारखा खडकाला चिकटून राहणारा हा प्राणी लाटेबरोबर येणारे कण गाळून खातो. म्हणून लाटा जिथे सर्वांत जोरात फुटतात तिथेच तो भरघोस वाढतो आणि काढणाऱ्याला नेमकं तिथेच उतरावं लागतं. मिठाच्या पाण्यात एक-दोन मिनिटं उकळला की झालं. वरची काळी कातडी पिरगळून ओढायची आणि आतला गुलाबी गर खायचा. पिरगळताना तोंड मात्र शेजाऱ्याकडे नको, खाऱ्या पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या सदऱ्यावर उडते.