मॉस्कोनी चषक : पूलची दूरचित्रवाणीवरील सांघिक लढत व तिचे चाहते

मॉस्कोनी चषक : पूल या खेळाच्या नाइन-बॉल (नऊ चेंडूंच्या) प्रकारात यूरोप आणि अमेरिका या दोन व्यावसायिक संघांत दरवर्षी होणारी स्पर्धा. सुरुवात १९९४. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पूर्वार्धात ती साधारणतः चार दिवस चालते. सभागृहातला प्रेक्षक काही हजारांच्या आत असतो. बाकी सारे तो खेळ पडद्यावरच पाहतात आणि स्पर्धेची घडणही त्यांच्याच सोयीने झालेली आहे. मराठीत ‘पूल’ म्हटले की आधी नदी आठवते. येथे अभिप्रेत आहे तो सहा पॉकेटांच्या टेबलावर क्यूने (लांब काठीने) खेळण्याचा, बिलियर्ड्झच्या कुळातला खेळ.

‘पूल’ या नावाच्या उगमाविषयी एकमत नाही. ते फ्रेंच ‘पूल’ या शब्दावरून आले, हे बहुतेकांना मान्य आहे. या शब्दाचा मूळ अर्थ कोंबडी आणि लक्षणेने सर्वांनी मिळून लावलेला डाव, म्हणजे मध्ये ठेवलेली पैज. कोंबडीचा आणि पैजेचा संबंध कसा जुळला, याबद्दल मात्र तर्कच आहेत. बक्षीस म्हणून ठेवलेल्या कोंबडीवर नेम धरण्याचा जुना खेळ हा त्यांपैकी एक. दुसरी उपपत्ती अमेरिकेतली आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणारे अड्डे ‘पूलरूम’ म्हणून ओळखले जात. दोन शर्यतींमधला वेळ जावा म्हणून त्यांत बिलियर्ड्झची टेबले ठेवत आणि पुढे अड्ड्याचे नाव खेळाला चिकटले, असे सांगतात. ही कथा लोकप्रिय असली, तरी इंग्लंडमध्ये प्रत्येकाने पैसे लावून खेळायच्या एका बिलियर्ड्झ-प्रकाराला ‘पूल’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ झालेले होते. त्यामुळे पूलरूमच्या कथेने खेळाच्या बदनामीचा उलगडा होतो, नावाचा नाही, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

ही बदनामी पुसण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्याचेच नाव चषकाला दिलेले आहे. विली मॉस्कोनी (१९१३–९३) हे फिलाडेल्फियाचे. १९४१ ते १९५७ या काळात त्यांनी स्ट्रेट पूल (क्रमाचे बंधन न पाळता कोणताही चेंडू पाडण्याचा) या प्रकाराचे जागतिक विजेतेपद पंधरा वेळा मिळवले. १९५४ मध्ये ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय सामन्यात त्यांनी न चुकता सलग ५२६ चेंडू पॉकेटात घातले. हा आकडा २०१९ पर्यंत मागे पडला नव्हता. १९६१ च्या एका गाजलेल्या हॉलिवूडपटाचे ते तांत्रिक सल्लागार होते. पूल हा सुटाबुटात, शांततेत खेळायचा सभ्य खेळ आहे, हा त्यांचा आग्रह. ते सप्टेंबर १९९३ मध्ये वारले, म्हणजे पहिली स्पर्धा त्यांनी पाहिली नाही. त्यांचा प्रकारही नाइन-बॉल नव्हे. त्यांच्या नावाच्या चषकासाठी आज सभागृहात चालणारा आरडाओरडा पाहून त्यांना काय वाटले असते, हा प्रश्न चाहतेही विचारतात.

स्थापना. पहिली स्पर्धा डिसेंबर १९९४ मध्ये लंडनलगतच्या रोमफर्ड येथील ‘रोलर बोल’ या जागी झाली व अमेरिकेने ती १६–१२ अशी जिंकली. आयोजक ‘मॅचरूम स्पोर्ट’ आणि तिचे संस्थापक बॅरी हर्न. प्रक्षेपण ‘स्काय स्पोर्ट्‌स’ या ब्रिटिश वाहिनीवर. रोमफर्डची निवड आकस्मिक नसावी. सत्तरच्या दशकात हर्न यांचा स्नूकर हॉल याच गावात होता आणि पुढे सहा वेळा स्नूकरचा जगज्जेता झालेला स्टीव्ह डेव्हिस तेथेच सराव करी. पहिल्या यूरोपीय संघात डेव्हिस होता, दुसरा स्नूकरपटू जिमी व्हाइट होता आणि ॲलिसन फिशर ही महिला खेळाडूही होती. पुढे मात्र हा मिश्र मेळ संपला व संघ पुरुष नाइन-बॉल व्यावसायिकांचे झाले.

स्पर्धेची कल्पना कोठून घेतली, याविषयी दोन मते दिसतात. एका मतानुसार ती गॉल्फमधील रायडर चषकाची थेट नक्कल आहे. दोन खंड, सांघिक गुण, जोड्या आणि एकेरी, न खेळणारा कर्णधार, हे साम्य उघड आहे. दुसऱ्या मतानुसार ती मुळात दूरचित्रवाणीचा वेळ भरून काढणारी गंमत होती आणि ब्रिटिश प्रेक्षकाला ओळखीचे स्नूकरपटू दाखवण्याचे निमित्त होते. आराखडा रायडर चषकाचा आणि हेतू दूरचित्रवाणीचा, असे धरले तर दोन्ही मते जुळतात. पण सुरुवातीच्या संघांतील स्नूकरपटूंची संख्या पाहता दुसऱ्या मताकडे झुकते माप द्यावेसे वाटते. प्रेक्षकांच्या वागण्याचे मूळ तर गॉल्फमध्ये सापडणारच नाही. ते डार्ट्‌सच्या (चकतीवर छोटे बाण फेकण्याच्या खेळाच्या) सभागृहांत शोधावे लागते. तीच आयोजक मंडळी, तशीच जागा, तीच बिअर. लंडनचे अलेक्झांड्रा पॅलेस डिसेंबर २००७ पासून जागतिक डार्ट्‌स स्पर्धेचे घर आहे. २०१६ पासून मॉस्कोनी चषकही तेथे वारंवार भरतो. बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजी याच वास्तूतून सुरू झाली होती, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

पडद्यासाठी घडवलेला खेळ. नाइन-बॉल हा प्रकार अमेरिकेत १९२० च्या सुमारास रूढ झाला असावा. १ ते ९ क्रमांकांचे चेंडू. टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला पांढरा चेंडू आधी लागला पाहिजे आणि नियमानुसार ९ जो पाडेल त्याचा डाव. आधीचे आठ कोणी पाडले याला महत्त्व नाही. कॅरममध्ये राणी घेतली तरी ती पक्की करावी लागते. येथे ९ गेला की डाव तेथेच संपला, मग तो १ वरून तिरका लागून पहिल्याच फटक्यात गेलेला का असेना. स्ट्रेट पूलमध्ये एकच खेळाडू तासभर टेबल सोडत नाही. नाइन-बॉलचा डाव काही मिनिटांत उरकतो. दूरचित्रवाणीने कोणता निवडावा हे सांगायला नको.

रंगांची गोष्ट अधिक तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण सामान्य प्रेक्षकाला ती जाणवतही नाही. पारंपरिक संचात ४ जांभळा आणि ७ तपकिरी-लाल असतो. दिव्यांच्या प्रकाशात कॅमेऱ्यातून पाहिले, की जांभळा हा काळ्या ८ सारखा आणि ७ हा लाल ३ सारखा दिसतो. म्हणून दूरचित्रवाणीसाठी वेगळा संच निघाला. त्यात ४ गुलाबी आणि ७ फिकट तपकिरी. रंगीत चेंडू आणि दूरचित्रवाणी यांचे नाते तसे जुनेच आहे. बीबीसीने १९६९ मध्ये स्नूकरचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला तो रंगीत प्रक्षेपणाची जाहिरात म्हणून. टेबलावरचे कापड हिरव्याऐवजी निळे झाले, त्यामागेही कॅमेराच आहे. पांढऱ्या चेंडूवर लाल ठिपके आले. सपाट पांढरा चेंडू फिरतो आहे की घसरतो आहे हे घरबसल्या कळत नाही. ठिपके मात्र सगळे सांगतात. फटका खाली लागला असेल, तर चेंडू पुढे जात असतानाच ठिपके उलटे फिरताना दिसतात, धडकेनंतर क्षणभर चेंडू जागीच थबकतो आणि मग आपल्या मालकाकडे परत येतो. मुरलेला चाहता पॉकेटाकडे पाहत नाही, तो या ठिपक्यांकडे पाहतो. चेंडूचा व्यास ५७.१५ मिमी. आणि टेबलाची खेळण्याची जागा २५४ × १२७ सेंमी., ही मापे मात्र बदललेली नाहीत.

फटक्यासाठी ३० सेकंद मिळतात. एका डावात एकदाच मुदत वाढवून घेता येते. पाच डाव आधी जिंकणारा सामना जिंकतो आणि अलीकडे अकरा सामने आधी जिंकणारा संघ चषक नेतो. सामने तीन तऱ्हांचे : एकेरी, दुहेरी आणि पाचही खेळाडू उतरतात तो सांघिक. दुहेरीत जोडीदार आळीपाळीने फटके मारतात, त्यामुळे पांढरा चेंडू स्वतःला नव्हे तर दुसऱ्याला सोयीचा ठेवावा लागतो. उजव्या हाताच्या खेळाडूने डावखुऱ्यासाठी जागा करताना होणारी ओढाताण पाहण्यासारखी असते. काही वर्षी एका सामन्यात कोण खेळणार हे चाहत्यांच्या मतदानाने ठरवण्याचीही पद्धत होती.

सुरुवातीचा फटका, म्हणजे ब्रेक, हा वादाचा कायमचा विषय. चेंडूंचा हिऱ्यासारखा आकार पूर्वी हाताने त्रिकोणी चौकटीत लावत. आता पातळ पारदर्शक पत्र्यावर लावतात, त्यामुळे चेंडू एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. घट्ट रचनेत १ ठरलेल्या बिंदूवर असेल, तर कडेचा चेंडू जवळजवळ हमखास कोपऱ्याच्या पॉकेटात जातो. यावर उपाय म्हणून टोकाच्या १ ऐवजी रचनेच्या मध्यावरचा ९ त्या बिंदूवर ठेवू लागले. सारी रचना थोडी पुढे सरकली आणि कडेच्या चेंडूचा कोन बिघडला. त्याशिवाय ब्रेकनंतर किमान तीन चेंडू पॉकेटात गेले किंवा ब्रेक मारणाऱ्याच्या बाजूची आडवी रेषा ओलांडून आले पाहिजेत, असाही नियम लावतात. घरी पाहणाऱ्याला हे सारे खटाटोप वाटतात. पण ब्रेकवर चेंडू पडला नाही, की ते टेबल प्रतिस्पर्ध्याचे आणि चार–चार अशा बरोबरीत तर सामनाच त्याचा.

निकाल व चाहते. २००१ पर्यंत अमेरिकेचे वर्चस्व होते; अपवाद फक्त १९९५ चा. २००२ मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील ‘यॉर्क हॉल’ या मुष्टियुद्धाच्या सभागृहात यूरोपने १२–९ असा विजय मिळवला. निर्णायक सामन्यात डेव्हिसने अर्ल स्ट्रिकलंडला हरवले. स्ट्रिकलंड हा असामान्य खेळाडू आणि प्रेक्षकांशी उघड भांडणारा माणूस. त्याला डिवचणे हा ब्रिटिश प्रेक्षकांचा अनेक वर्षे आवडता उद्योग होता. २००६ मध्ये रॉटरडॅम येथे १२–१२ अशी एकमेव बरोबरी झाली. २०१० ते २०१७ या आठही वर्षी यूरोप जिंकला. २०१३ मध्ये लास व्हेगास येथे तर ११–२ असा. या काळाच्या मोठ्या भागात यूरोपची सूत्रे योहान राउसिंक या डच प्रशिक्षकाकडे होती. २०१७ मध्ये अमेरिकेने त्यालाच कर्णधार नेमले. पहिल्या वर्षी पराभव आणि नंतर २०१८ व २०१९ मध्ये विजय. ‘आपलाच माणूस पलीकडच्या बाकावर’ हे दृश्य यूरोपीय चाहत्यांना पचवणे जड गेले. २०२० ते २०२४ पुन्हा यूरोप. २०२४ अखेरचा हिशेब : यूरोप १७, अमेरिका १३, बरोबरी १.

प्रेक्षक दोन गटांत बसतो, झेंडे अंगावर घेतो, गाणी म्हणतो, फुटबॉलच्या घोषणा खेळाडूंच्या नावावर बेततो. स्नूकरमध्ये कोणी खोकले तरी पंच मान वळवतो. येथे फटक्यापूर्वी हात वर करून गाणे थांबवावे लागते, ते पूर्ण थांबत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर टाळ्या वाजवणे सभ्यपणाचे मानीत नाहीत, पण वाजतातच. २००७ पासून अमेरिकेकडून खेळणारा शेन व्हॅन बोनिंग जन्मतः कमी ऐकू येणारा आहे आणि श्रवणयंत्र वापरतो. सामन्यात आपण ते बंद करतो, असे त्याने सांगितले आहे. या गोंगाटात तो एकटाच आपल्या मर्जीने शांतता मिळवू शकतो. २०२० ची स्पर्धा साथीमुळे कॉव्हेंट्री येथे प्रेक्षकांविना झाली. तिचे चित्रण पाहताना चेंडूंचा आवाज आणि बाकांवरून सहकाऱ्यांनी दिलेल्या हाका स्वच्छ ऐकू येतात. यूरोप ११–३ असा जिंकला, पण विजयाचा क्षण सरावासारखा भासतो.

भारत व आशिया. भारतात बिलियर्ड्झची परंपरा जुनी आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्झ विजेते झाले. मुंबईच्या मायकेल फरेरांनी ते पद पुढे तीनदा मिळवले. मराठी वृत्तपत्रांचे लक्ष त्यामुळे बिलियर्ड्झ व स्नूकरकडेच राहिले. पूल शहरांतल्या पार्लरमधून तरुणांत पसरला, पण तेथे तो बहुतेक वेळा एट-बॉल प्रकारचा, एकरंगी चेंडू विरुद्ध पट्टेदार चेंडू असा असतो. नाइन-बॉलचा सामना प्रथम पाहणारा म्हणूनच कोण कोणते चेंडू पाडतो आहे हे शोधत बसतो. शिवाय वेळेची अडचण. लंडनमध्ये संध्याकाळी सहाला सुरू झालेले सत्र येथे रात्री साडेअकराला आणि लास व्हेगासचे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, म्हणजे डबा भरण्याच्या वेळी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मनिला येथे आशिया विरुद्ध यूरोप अशा लढतीने त्याच धर्तीची स्पर्धा सुरू झाली. तिला फिलिपीन्सचे थोर खेळाडू एफ्रेन रेयेस यांचे नाव आहे आणि पहिला चषक आशियाने जिंकला. मनिलातले संध्याकाळचे सहा म्हणजे भारतात दुपारचे साडेतीन.