पार्श्वभूमी : अमेरिकेतील कॅथलिक शाळा का मिटल्या आणि पुण्यातल्या का टिकल्या

मुले मिळत नाहीत म्हणून पुण्यातली एखादी नामांकित कॅथलिक शाळा बंद पडेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रवेशाचे दिवस आले की कँपापासून पाषाणपर्यंतच्या शाळांसाठी पालकांची धावपळ सुरू होते. जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा आणि कुटुंब कॅथलिक असेल तर बाप्तिस्म्याचा दाखला अशी फाईल तयार होते, आणि यादीत नाव लागले नाही तर ओळखीपाळखी काढल्या जातात. त्यामुळे अमेरिकेतील कॅथलिक शाळांपैकी निम्म्याहून अधिक शाळा गेल्या साठ वर्षांत बंद झाल्या, हे वाचल्यावर इथल्या वाचकाची पहिली समजूत अशी होते की तिकडे लोक चर्चपासून दूर गेले आणि त्यांच्यामागोमाग शाळाही गेल्या. ही समजूत अगदीच चुकीची नाही, पण अपुरी आहे. या शाळा कोणाच्या श्रमावर चालत होत्या आणि त्या श्रमाची किंमत कोण मोजत होते, हे पाहिल्याशिवाय पडझडीचा हिशेब लागत नाही.

(एक खुलासा आधीच केलेला बरा. पुणेकर कँपातल्या बहुतेक जुन्या इंग्रजी शाळांना सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो. पण १८६४ ची बिशप्स आणि १८६६ ची सेंट मेरीज या दोन्ही शाळा मूळच्या अँग्लिकन, म्हणजे प्रॉटेस्टंट परंपरेतल्या आहेत. हे टिपण केवळ कॅथलिक शाळांपुरते आहे.)

अमेरिकेत या शाळांचे जाळे उभे राहिले ते भांडणातून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंड आणि जर्मनीतून कॅथलिक स्थलांतरितांचे लोंढे येऊ लागले, तेव्हा तिथल्या सार्वजनिक शाळा नावाला सर्वांच्या होत्या. प्रत्यक्षात तिथे बायबल वाचले जाई ते प्रॉटेस्टंटांच्या मान्य भाषांतरातले, आणि क्रमिक पुस्तकांत पोपबद्दल जे लिहिलेले असे ते कॅथलिक मुलाने खाली मान घालून ऐकावे असेच. न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज यांनी १८४० च्या सुमारास सार्वजनिक शिक्षणनिधीत वाटा मागितला, तो मिळाला नाही. फिलाडेल्फियात १८४४ मध्ये दंगली उसळल्या आणि कॅथलिक चर्चे जाळली गेली. शाळेत कोणते बायबल वाचावे हा वाद त्यांच्या मुळाशी होता. सरकार पैसे देणार नाही आणि सरकारी शाळेत मूल पाठवणे धोक्याचे, अशी कोंडी झाल्यावर उरला मार्ग एकच होता, तो म्हणजे स्वतःची शाळा स्वतःच्या पैशाने काढण्याचा.

त्या मार्गाला १८८४ मध्ये नियमाचे रूप आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवले की प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा उभी राहिली पाहिजे आणि पालकांनी मुलांना तिथेच घातले पाहिजे. हे साल पुणेकराच्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी हुजूरपागा सुरू झाली, आणि बाल्टिमोरची परिषद भरण्याच्या काही दिवस आधी, ऑक्टोबरमध्ये, डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. योगायोग तारखांपुरताच असता तर त्याचा उल्लेख करण्याचे कारण नव्हते. पण सोसायटीच्या आजीव सभासदांनी तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे शिकवायचे, ही जी पद्धत पुण्यात रुजली तिच्या प्रवर्तकांसमोर जेसुइट या कॅथलिक संघातील व्रतस्थ धर्मगुरूंचा नमुना होता. बाहेरच्या मिळकतीच्या वादावरून टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली, तेव्हाही आपण हा व्रतस्थपणा पाळला की नाही, हाच कळीचा प्रश्न होता. शिक्षकाच्या त्यागावर शाळा उभी करता येते आणि तो त्याग फार ताणला की वाद होतात, या दोन्ही गोष्टी पुण्याने जवळून पाहिल्या आहेत.

अमेरिकेतील धर्मग्रामांच्या शाळांत हा त्याग करणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. निरनिराळ्या संघांच्या व्रतस्थ भगिनी, म्हणजे आपण ज्यांना ‘सिस्टर’ म्हणतो त्या, चर्चच्या आवारातल्या मठात एकत्र राहत, सकाळी वर्गावर जात, संध्याकाळी वह्या तपासत, आणि त्याबद्दल त्यांच्या संघाला जी रक्कम मिळे ती सरकारी शाळेतील शिक्षिकेच्या पगाराच्या तुलनेत नाममात्र असे. घर, संसार, म्हातारपणची तजवीज यांचा भार शाळेच्या जमाखर्चात दिसतच नव्हता. इमारत धर्मग्रामाची, कोळसा आणि दुरुस्ती रविवारच्या दानपेटीतून, आणि शिक्षण जवळजवळ फुकट, असे गणित असल्यामुळे गोदीतल्या हमालाची किंवा कारखान्यातल्या कामगाराची चार मुलेही फीचा विचार न करता शाळेत जात. पोलिश वस्तीतली शाळा पोलिश भाषा जपत असे, जर्मन वस्तीतली जर्मन. १९२० पर्यंत प्राथमिक शाळांची संख्या साडेसहा हजारांवर आणि त्यांतील मुलांची साडेसतरा लाखांवर पोहोचली होती. ऑरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेची सक्ती करणारा कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये रद्द ठरवला, आणि या शाळांच्या अस्तित्वाचा कायदेशीर प्रश्न त्या दिवशी मिटला.

शिखर आले ते १९६५ च्या आसपास. जवळजवळ १३,००० शाळा आणि ५२ लाखांहून अधिक मुले. एकेका वर्गात पन्नास-साठ मुले आणि समोर एकच सिस्टर, हे त्या काळचे नेहमीचे दृश्य होते. याच भरभराटीच्या आकड्यांत उतरणीची सुरुवात लपलेली होती. १९५० साली या शाळांतील दहा शिक्षकांपैकी नऊ व्रतस्थ होते. १९६० पर्यंत प्रमाण चारांत तीनवर आले होते, कारण मुले वाढली त्या वेगाने भगिनी वाढल्या नव्हत्या. पुढे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) व्रतस्थ संघांना आपल्या मूळ कार्याकडे नव्याने पाहण्यास सांगितले. अनेक भगिनी शाळा सोडून रुग्णसेवेत, तुरुंगांत, गरीब वस्त्यांत कामाला गेल्या. अनेकींनी व्रत सोडले. आणि ज्या मुली पूर्वी मठात आल्या असत्या त्यांना आता महाविद्यालय, नोकरी आणि स्वतःचे घर असे रस्ते उघडले होते. १९६५ मध्ये देशात सुमारे १,८०,००० भगिनी होत्या, आज त्या ४०,००० हूनही कमी आहेत आणि त्यांतील बहुसंख्य वृद्ध आहेत. शाळांतील व्रतस्थ शिक्षकांचे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास उरले आहे.

जिथे सिस्टर होती तिथे पगारी शिक्षक आला. त्याला घरभाडे होते, मुले होती, आजारपण होते. दानपेटी तीच राहिली आणि खर्च अनेक पटींनी वाढला. तो फीमध्ये उतरला. फी वाढली तशी मुले कमी झाली. आणि मुले कमी झाली की उरलेल्यांवर फी आणखी वाढली. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा हाच आहे. बाकीची कारणे त्याला येऊन मिळाली.

त्यांतले मोठे कारण वस्तीचे. दुसऱ्या महायुद्धानंतर सवलतीची गृहकर्जे आणि नवे महामार्ग यांच्या आधाराने कॅथलिक मध्यमवर्ग शहराच्या पेठा सोडून उपनगरांत गेला. शाळा मात्र जुन्या चर्चांच्या शेजारी, विटांच्या तीन मजली इमारतींत, तिथेच राहिल्या. उपनगरातली सरकारी शाळा चांगली होती, तिच्यात आता प्रॉटेस्टंट बायबल वाचले जात नव्हते, आणि कॅथलिक माणूस राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो हे १९६० मध्ये केनेडींनी दाखवून दिले होते. वेगळ्या शाळेची भीतीपोटी वाटणारी गरज संपली. शहरातल्या शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी कुटुंबांची मुले येऊ लागली, त्यांतली पुष्कळशी कॅथलिकही नव्हती; त्या शाळांनी काम उत्तम केले, पण त्या पालकांना वाढती फी परवडणारी नव्हती. १९९० नंतर सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या बिनफीच्या ‘चार्टर’ शाळा निघाल्या आणि हाच पालकवर्ग त्यांनी ओढून घेतला.

सरकारने शिक्षकांच्या पगाराचा काही भाग उचलावा, असा प्रयत्न पेनसिल्व्हेनिया आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी केला होता. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धर्म आणि शासन यांची त्यात गुंतागुंत होते, या कारणावरून तो घटनाबाह्य ठरवला. पालकाच्या हाती शिक्षणाचे व्हाउचर, म्हणजे फीपोटी सरकारी रकमेची चिठ्ठी, देऊन तो पैसा धार्मिक शाळेत नेता येतो, हे मान्य व्हायला २००२ साल उजाडले, आणि तोवर हजारो शाळांना कुलपे लागली होती. त्याच वर्षी बोस्टनमधील बाललैंगिक अत्याचारांची प्रकरणे उघड झाली. पुढे नुकसानभरपाईच्या ओझ्याखाली अनेक धर्मप्रांतांनी (एकेका बिशपाच्या अखत्यारीतील विभागांनी) दिवाळखोरी जाहीर केली, आणि पालकांचा विश्वास गेला तो वेगळाच. फिलाडेल्फियात २०१२ च्या जानेवारीत चाळीसहून अधिक प्राथमिक शाळा आणि चार हायस्कुले बंद किंवा विलीन करण्याची शिफारस झाली. माजी विद्यार्थ्यांनी आणि देणगीदारांनी महिनाभरात पैसा उभा केला म्हणून चारही हायस्कुले वाचली. प्राथमिक शाळांच्या वाट्याला तेवढे श्रीमंत माजी विद्यार्थी नव्हते. करोनाच्या २०२०-२१ या एका वर्षात देशभर पट सहा टक्क्यांहून अधिक घसरला आणि दोनशेवर शाळा मिटल्या किंवा एकत्र झाल्या. त्यानंतर थोडी भर पडली, तरी आज सुमारे १७ लाख मुले आणि सहा हजारांच्या आसपास शाळा अशी स्थिती आहे, म्हणजे संख्या शंभर वर्षे मागे गेली आहे.

पुण्यात गणित मुळातच वेगळे मांडले गेले. इथे कॅथलिक वस्ती पेशवाईच्या शेवटच्या काळापासूनची. क्वार्टर गेटजवळच्या चर्चला सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये आपल्या फौजेतील कॅथलिकांसाठी जागा दिली. शाळा आल्या त्या लष्करी छावणीबरोबर: जीझस अँड मेरी १८६० मध्ये, सेंट व्हिन्सेंट १८६७ मध्ये. पहिल्या महायुद्धात जर्मन जेसुइटांना स्थानबद्ध करून मायदेशी पाठवण्यात आले, तेव्हा व्रतस्थ शिक्षकांचा तुटवडा पुणे-मुंबईच्या मिशनने एकदा भोगला होता. पण १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून, म्हणजे ब्रिटिश अमलातील शिक्षणधोरणाच्या आदेशापासून, खासगी शाळांना, मग ती मिशनची का असेना, सरकारी अनुदान देण्याची वाट इथे मोकळी होती. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना शाळा चालवण्याचा हक्क दिला आणि त्याच कलमात अनुदान देताना भेदभाव करू नये असेही म्हटले. अमेरिकेत जे १९७१ मध्ये नाकारले गेले, ते इथे अनुदानित शाळांत रोजचे आहे: शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. ज्या शाळा विनाअनुदानित आहेत त्या फीवर चालतात आणि त्यांच्या बाकांवर कॅथलिक मुले थोडी, इतरांची जास्त असतात. इंग्रजीची मागणी आहे तोवर त्यांना विद्यार्थ्यांची वाण नाही. इथेही सिस्टर आणि फादर वर्गावर कमी आणि कार्यालयात जास्त दिसू लागले आहेत, पण त्यामुळे शाळा अडलेली नाही.

अडते ती मराठी माध्यमात, आणि तिथे मिशनची शाळा इतर कोणत्याही संस्थेच्या शाळेहून वेगळी नाही. पट कमी होतो, कारण त्याच गल्लीतली मुले इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसतात. संच मान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या सरकारी, कागदावर मंजूर पदे कमी येतात, एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते, आणि पुढच्या जूनमध्ये ‘ब’ तुकडीचे दार उघडत नाही.