रुग्णालयातल्या सोशल वर्करची पूर्वपीठिका

सरकारी रुग्णालयात ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ अशी पाटी असलेल्या खोलीबाहेर नातेवाइकांची रांग असते. बिलात सवलत हवी असते, ट्रस्टला द्यायला पत्र हवं असतं. हे पद निव्वळ कागदपत्रांचं आहे, असाच बहुतेकांचा समज. त्याचा उगम मात्र थेट उपचारांत आहे.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या ओपीडीत डॉ. रिचर्ड कॅबट क्षयरोग्यांना विश्रांती, सकस आहार, मोकळी हवा असं सांगत. रोगी परत जायचा तो दाटीवाटीच्या बिऱ्हाडात आणि कामावर. सल्ला अचूक, पण पाळणार कसा? म्हणून १९०५ मध्ये कॅबट यांनी गार्नेट पेल्टन या परिचारिकेला नेमलं. रुग्णाच्या घरची, कमाईची माहिती काढायची, ती डॉक्टरांपर्यंत पोचवायची आणि त्यातून वाट काढायची. पुढे पेल्टन यांनाच क्षयाने गाठलं आणि काम आयडा कॅनन यांच्याकडे आलं.

कॅननही परिचारिकाच. मिनेसोटात गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करताना त्यांनी दारिद्र्य आणि आजारपण एकाच खाटेवर पाहिलं होतं. समाजसुधारक जेन ॲडम्स यांच्या भाषणाने त्या भारावल्या आणि समाजकार्य शिकायला बोस्टनला आल्या. या विभागाचा खर्च आधी देणग्यांवर चाले. रुग्णालयाने तो उचलला १९१९ मध्ये. कॅनन १९४५ पर्यंत तिथेच राहिल्या. पण त्यांचं मोठं काम मला शिक्षणातलं वाटतं. नुसती कणव पुरत नाही, परिचारिकेचं शिक्षणही पुरत नाही, या कामाचं वेगळं प्रशिक्षण हवं, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. त्यांनी सिमन्स कॉलेजात अभ्यासक्रम उभा केला आणि १९१३ मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिलं.

मुंबईत १९३६ मध्ये अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने नागपाड्यात सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे ‘टिस’. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय सोशल वर्कर नेमली गेली. पाठोपाठ ‘टिस’मध्ये डॉ. गौरी राणी बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय व मनोविकार समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं. वॉर्ड आणि वर्ग असे हातात हात घालून वाढले, ही या क्षेत्राची पुण्याई.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकार सोशल वर्करची व्याख्याच केली आहे: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. आणि त्यात देखरेखीखाली केलेलं क्लिनिकल काम.