अल अहली: कैरोच्या लाल जर्सीमागचा इतिहास

जून 2025 मधे क्लब वर्ल्ड कपची पहिली मॅच बघायला आपल्याकडचे बरेच जण पहाटे साडेपाचला टीव्हीसमोर बसले ते मेस्सीसाठी, कारण इंटर मायामी खेळणार होती. समोर लाल जर्सीतली इजिप्तची अल अहली. मॅच 0-0 सुटली, अहलीच्या त्रेझेगेची पेनल्टी मायामीच्या गोलकीपरने अडवली नसती तर निकाल वेगळा लागला असता. स्टेडियम मायामी भागातलं, पण लाल जर्सीवाल्यांचा आवाज काही कमी नव्हता. हे लोक कोण, एवढा जीव का लावतात, हे समजायचं तर 1907 पर्यंत मागे जावं लागतं. (जेद्दाहची अल अहली वेगळी बरं का, महरेझ आणि फर्मिनो घेतलेली ती सौदीची. ही कैरोची, आणि वयाने 30 वर्षं मोठी.)

इजिप्त 1882 पासून इंग्रजांच्या ताब्यात होता. 1906 च्या जूनमधे देनशवाई नावाच्या गावात इंग्रज अधिकारी कबुतरांच्या शिकारीला गेले, गावकऱ्यांशी झटापट झाली, एक अधिकारी मेला आणि त्यावरून खास कोर्ट बसवून चार गावकऱ्यांना फाशी दिली, बाकी कित्येकांना चाबकाचे फटके आणि तुरुंग. अख्खा देश पेटला. शिकलेली पोरं राजकारणात उतरली होती, उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक क्लब 1905 मधेच निघाला होता आणि तिथे खेळापेक्षा राजकारणच जास्त चालायचं. त्या क्लबचे प्रमुख उमर लुत्फी बे, पेशाने वकील, इजिप्तमधल्या सहकारी चळवळीतलं मोठं नाव. त्यांच्या डोक्यात आलं की या पोरांना संध्याकाळी एकत्र जमायला, खेळायला स्वतःची जागा पाहिजे, कारण कैरोतले चांगले स्पोर्ट्स क्लब सगळे गोऱ्यांचे, तिथे साध्या इजिप्शियन माणसाला कोण उभं करणार.

24 एप्रिल 1907 ला क्लब स्थापन झाला. आता गंमत बघा, पहिला अध्यक्ष इंग्रज! आल्फ्रेड मिचेल-इनेस, अर्थखात्यातला मोठा अधिकारी. जमीन मिळवायची, सरकार दरबारी कागद हलवायचे तर असा माणूस लागतोच, आणि मला तरी हा निर्णय शहाणपणाचाच वाटतो. वर्षभरातच अझीझ इज्जत पाशा अध्यक्ष झाले आणि तिथून पुढे अध्यक्ष कायम इजिप्शियनच. सर्वसाधारण सभेचं प्रमुखपद होतं साद झगलूल यांच्याकडे, तेव्हाचे शिक्षणमंत्री. बारा वर्षांनी याच झगलूलना इंग्रजांनी पकडून माल्टाला धाडलं आणि त्यावरून 1919 ची क्रांती झाली, म्हणजे हे नाव किती मोठं ते बघा. जर्सीचा लाल रंगही तेव्हाच्या इजिप्तच्या झेंड्याचा.

सुरुवातीला फुटबॉल डोक्यातही नव्हतं फारसं. मैदान झालं 1909 मधे, रीतसर टीम उभी राहिली 1911 ला. त्याच 1911 मधे मर्झबाख नावाच्या बेल्जियन वकिलाने कैरोतच दुसरा क्लब काढला, तो आजचा झमालेक. त्याची नावं बदलत गेली, मधे काही वर्षं तर राजा फारूकचंच नाव होतं आणि राजा गेल्यावर 1952 मधे ते झमालेक झालं. म्हणून अहलीवाले आजही म्हणतात की आमचा क्लब जनतेचा, तुमचा परक्यांचा आणि राजवाड्याचा. झमालेकवाल्यांना हे अजिबात मान्य नाही आणि त्यांचंही बरोबर आहे, शंभर वर्षांत तिथेही लाखो साधी माणसं जोडली गेली. पण भांडणाचं मूळ तिथे आहे. ही डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या या दोन क्लबांची मॅच, इतकी पेटते की वर्षानुवर्षं तिच्यासाठी रेफ्री परदेशातून आणावे लागले.

जुन्या खेळाडूंत एकच नाव सांगायचं तर महमूद मुख्तार, लोक त्याला एल तेतश म्हणायचे. 1928 च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमधे इजिप्त चौथा आला त्या टीममधला हा. 1943 मधे तो अहलीची पोरं घेऊन पॅलेस्टाइनला मॅचेस खेळायला गेला, फेडरेशनची परवानगी नसताना, आणि परत आल्यावर सगळ्यांवर बंदी आली. क्लबचं नाईल नदीतल्या गेझिरा बेटावरचं जुनं मैदान आज त्याच्याच नावाने आहे.

राष्ट्रीय लीग सुरू झाली 1948-49 ला आणि पहिली नऊची नऊ विजेतेपदं अहलीची. त्या टीममधला सालेह सलीम हा पुढे क्लबचा आत्माच झाला म्हणा ना. देखणा, शिस्तीचा, आधी खेळाडू, मग 1980 पासून मधला थोडा काळ सोडला तर शेवटपर्यंत अध्यक्ष. अहली सगळ्यांच्या वर, हे क्लबचं ब्रीद त्याच्या नावावर सांगतात, म्हणजे खेळाडू असो की अध्यक्ष असो, क्लबपेक्षा मोठा कोणी नाही. 6 मे 2002 ला तो गेला आणि दहाच दिवसांनी डर्बीत अहलीने झमालेकला 6-1 हरवलं, एकट्या खालिद बेबोचे चार गोल!

आफ्रिकेतल्या ट्रॉफ्यांचं मी फार लिहीत नाही, 1982 मधे आफ्रिकेतल्या क्लबांच्या मुख्य स्पर्धेची पहिली ट्रॉफी आणि 2024 पर्यंत एकूण 12, आफ्रिकेत एवढ्या कोणाच्याच नाहीत. पण अबू त्रिकाबद्दल लिहायलाच पाहिजे. पोर्तुगीज कोच मॅन्युएल जोझेच्या टीमचा जीव होता तो. 2006 ची फायनल, ट्युनिशियात सफाक्सियनविरुद्ध, पहिली मॅच कैरोत 1-1, इथे 0-0, म्हणजे परक्या मैदानावर मारलेल्या गोलमुळे ट्रॉफी हातातून गेल्यातच जमा, आणि इंज्युरी टाइममधे डाव्या पायाने मारलेला त्याचा तो गोल. 2008 च्या आफ्रिका कपमधे गोल मारल्यावर जर्सी वर करून त्याने आत लिहिलेला गाझाच्या पाठिंब्याचा मजकूर दाखवला होता, यलो कार्ड मिळालं. लोक त्याला फक्त खेळासाठी मानत नाहीत ते यामुळे.

आता पोर्ट सईद शहरात जे झालं ते. त्याच्याशिवाय या क्लबचा इतिहास लिहिताच येत नाही.

2007 मधे अल्ट्रास अहलावी हा चाहत्यांचा ग्रुप सुरू झाला. तरुण पोरं, ड्रम, फ्लेअर्स, नव्वद मिनिटं न थांबता गाणी. राष्ट्राध्यक्ष मुबारकच्या राज्यात चार माणसं एकत्र उभी राहिली तरी पोलीस यायचे आणि इथे हजारो पोरं दर आठवड्याला एकत्र येत होती, त्यामुळे पोलिसांशी मारामाऱ्या ठरलेल्या. 2011 च्या जानेवारीत मुबारकविरुद्ध क्रांती सुरू झाली तेव्हा अश्रुधूर, लाठीमार यांची सवय असलेले लोक म्हणजे हीच पोरं, अहलीचीही आणि झमालेकचीही, आणि कैरोच्या तहरीर चौकात ती पुढच्या फळीत होती.

1 फेब्रुवारी 2012. पोर्ट सईदला तिथल्याच अल मसरी क्लबविरुद्ध मॅच, अल मसरी 3-1 ने जिंकली. जिंकलेल्या टीमचे लोक मैदानात घुसले आणि अहलीच्या चाहत्यांच्या स्टँडवर चालून गेले. पोलीस उभे राहून बघत होते. लाइट गेले, बाहेर जायचं गेट बंद होतं, पोरं त्या अरुंद वाटेत चिरडून मेली, काही मारहाणीत, काही वरून खाली पडून. 70 हून जास्त जीव गेले, त्यात शाळकरी वयाचीही होती. ड्रेसिंग रूममधे जखमींना आणलं होतं आणि एका पोराने अबू त्रिकाच्या हातात जीव सोडला. अबू त्रिका, बरकत, मोतेब या तिघा खेळाडूंनी तेव्हा फुटबॉल सोडतोय म्हणून सांगितलं, नंतर ते परत आले.

अल्ट्रासचं ठाम म्हणणं की हा तहरीरचा सूड होता. कोर्टात 21 जणांना फाशी सुनावली गेली, त्यावर पोर्ट सईदमधे दंगल उसळली आणि अजून माणसं मेली, मग खटला पुन्हा चालला आणि 2017 मधे 10 जणांची फाशी कायम झाली. काही पोलीस अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. पण सुरक्षेचा एवढा मोठा फज्जा नेमका कोणाच्या हुकमाने झाला याचं घरच्यांना पटेल असं उत्तर मिळालेलं नाही असं माझं मत आहे, आणि हा राग अजून तसाच आहे.

त्या सीझनची लीगच रद्द झाली. सप्टेंबरमधे सुपर कप ठेवला तेव्हा अल्ट्रासचा विरोध होता, आधी न्याय मग फुटबॉल, आणि अबू त्रिका ती मॅच खेळला नाही, क्लबने त्याच्यावर कारवाई केली. म्हणजे क्लब एकीकडे, पोरं एकीकडे, आणि मधे त्यांचा सगळ्यात लाडका खेळाडू. आणि अशा वर्षात, घरची लीग नाही, सराव धड नाही, तरी 17 नोव्हेंबर 2012 ला ट्युनिशियात एस्पेरान्सला 2-1 हरवून ते आफ्रिकेचे चॅम्पियन झाले. माझ्या मते 12 मधली ही सगळ्यात मोठी.

पुढची कितीतरी वर्षं इजिप्तमधे लीगच्या मॅचेस बहुतेक रिकाम्या स्टँडसमोर झाल्या. 2015 मधे प्रेक्षकांना थोडं आत सोडायला लागले तर झमालेकच्या मॅचला गेटवर चेंगराचेंगरी आणि अश्रुधुरात 20 च्या आसपास चाहते गेले, पुन्हा दारं बंद. अटका चालूच राहिल्या आणि 2018 मधे अल्ट्रास अहलावीने ग्रुप बंद करत असल्याचं स्वतःच जाहीर केलं.

क्लब मात्र अजूनही कोणा शेखचा किंवा कंपनीचा नाही, सभासदांचा आहे. अध्यक्ष मतदानाने निवडला जातो, 2017 च्या निवडणुकीत महमूद अल खतीब आला, 1983 चा आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू, लोकांचा लाडका बीबो. शेजारी सौदीत 2023 मधे मोठे क्लब सरकारी फंडाने ताब्यात घेतले, पैशाचा पूर आलाय. त्यांच्यासमोर सभासदांच्या मतांवर चालणारा क्लब किती काळ टिकाव धरतो, यावर कैरोत आत्ता जोरात वाद चालतात.